भट्टीवाले चाचा आणि झाकलेला ट्रे

भट्टीवाल्या चाचांच्या हातात झाकलेला ट्रे दिला, की ते तो तसाच धरून उभे राहत. झाकण उचलून बघत नसत, वासही घेत नसत. फक्त विचारत, "यात काय हाय?" उत्तर मिळेपर्यंत ट्रे भट्टीत जात नसे आणि मागची रांग पुढे सरकत नसे.

अकोल्यात आमच्या जठारपेठेतल्या घरामागे त्यांची बेकरी होती. सकाळचे पाव निघाले, की दुपारची भट्टी गल्लीसाठी मोकळी. दिवाळीआधी घरोघरच्या नानकटाईचे ट्रे तिथेच भाजायला जात. चाचांचा क्रम ठरलेला होता. आधी साधं, मग अंड्याचं, सर्वांत शेवटी मटण-कोंबडीचं. त्यानंतर भट्टी साफ होईपर्यंत आत काहीच जात नसे. प्रत्येक ट्रेवर ते ओल्या कणकेने एक चिठ्ठी चिकटवत. तिच्यावर नाव आणि आत काय आहे ते. एकदा कोणीतरी म्हणालं, की चाचा, उघडून बघा ना, विचारता कशाला. ते म्हणाले, "उघडून मले वरचं दिसते. आत काय टाकलं ते तुमालेच मालूम."

त्यांच्याकडे घड्याळ होतं, पण भट्टीचा अंदाज ते घड्याळावर घेत नसत. चिमूटभर मैदा आत फेकत, तो किती लवकर तांबूस होतो ते बघत आणि मगच लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत सरकवत. मी हे सगळं नीट बघून ठेवलं होतं, कारण बघणं हेच माझं काम होतं. शाळेत मी हळू आवाजात इंग्रजी बोलायचे, घरी जेवढ्यास तेवढं मराठी आणि बाहेर काहीच नाही. मी "नानकटाई" असं पुटपुटले, की चाचा म्हणत, "भट्टी आवाज करते बेटा, तू बी कर."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीला आठ दिवस होते आणि दादा पुण्याहून संध्याकाळी यायचा होता. तिकडे खाल्लेल्या मीटबॉल्सच्या बेक्ड पास्त्याचं कौतुक त्याने फोनवर इतक्यांदा केलं होतं, की तो घरी करायचाच असं मी ठरवलं. मटणाच्या खिम्यात भिजवलेला पाव, कांदा, आलं-लसूण घालून लिंबाएवढे गोळे वळले आणि ते फुटू नयेत म्हणून थोड्या तेलात परतून घेतले. टोमॅटोच्या सॉसमध्ये आपलं लाल तिखट घातलं. पास्ता अर्धवट उकडला, वर चीज किसलं, फॉइल लावलं. घरात ओव्हन नव्हता, म्हणून ट्रे घेऊन भट्टीवर गेले.

रांगेत पाच-सहा बायका होत्या. माझ्यापुढे आमच्या समोरच्या काकू, नानकटाईचे चार ट्रे घेऊन. त्यांच्या घरी सणाच्या दिवसांत कांदासुद्धा चालत नाही.

"यात काय हाय?" चाचांनी विचारलं.

"पास्ता," मी म्हणाले.

"मंजे?"

"मैद्याचा असतो."

हे खरंच होतं. क्रम मला माहीत नव्हता असंही नाही. पण काकूंसमोर 'मटण' हा शब्द तोंडातून निघेना. वाटलं, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. चाचांनी चिठ्ठीवर 'पास्ता, मैदा' लिहिलं आणि माझा ट्रे काकूंच्या ट्रेंना लागून आत सरकवला.

दहा मिनिटांनी वास आला. चाचांनी सगळे ट्रे बाहेर ओढले, पहिल्यांदाच न विचारता माझ्या फॉइलचा कोपरा उचलला आणि काकूंकडे वळले. "ताई, तुमची नानकटाई मटणासंगं भाजली गेली. हे नेऊ नका."

रांगेत कुजबुज सुरू झाली. मग मागून कोणीतरी विचारलं, की इतकी वर्षं इथे कशासोबत काय भाजलं जात होतं. गल्लीने ज्या विश्वासावर आपले ट्रे या माणसाकडे दिले होते, तोच त्या प्रश्नाने हलला होता. चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर विषय तिथेच संपला असता. ते म्हणाले, "चूक माही. मी बराबर विचारलं नाही."

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा खूप मोठा निघाला. "दोनदा विचारलं. ट्रे माझा आहे, त्यात मटण आहे आणि मी सांगितलं नाही."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "एवढी इंग्लिश शाळेत शिकली, अन् तीन अक्षरं नाही बोलता आली तुले?" मागे कोणीतरी हसलं. काकूंनी आपली पिशवी उचलली आणि चाचांना बजावलं, "उद्या भट्टी धुतली की पहिला नंबर माहा." मग मला म्हणाल्या, "अन् तूप फेसाले सकाळी ये तू."

मी गेले. चार ट्रेंचं तूप-साखर फेसता फेसता हात भरून आले. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी बाकीच्या बायका कच्चे ट्रे घेऊन परतल्यावर चाचांनी माझा अर्धवट पास्ता पुन्हा भट्टीत घातला. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "कच्चं कायले न्यायचं? त्याचा काय गुन्हा?" दादाने कुरकुरीत कडा खरवडून खाल्ल्या. त्याला मी जेवणाआधीच सगळं सांगितलं होतं.

पुढे चाचांना दिसेनासं होत गेलं. त्यांनी भट्टी बंद केली आणि ते अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. नोकरीमुळे मीही आता अमरावतीत आहे. घरात छोटा ओव्हन आहे. ऑफिसात डबा उघडताना त्यात काय आहे ते मी आधी सांगते, लोक हसतात.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्यासाठी पास्ता घेऊन गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी गरम ट्रे खाली टॉवेल घालून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी फॉइलवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"यात काय हाय?"

मी सांगितलं. पास्ता, टोमॅटो, चीज, पाव, कांदा, आलं-लसूण, तिखट आणि मटण. आवाज ऐकून त्यांची मुलगी आतून बाहेर आली.

"अन् मटण कुठचं?"

"तुम्ही घेता त्याच दुकानातलं, हलालच आहे, चाचा. काल फोन करून या ताईंना विचारलं आणि तिथूनच आणलं."

मग त्यांनी फॉइल काढलं.