तार दिसणारा माइक

नातीने माइक घ्यायचं ठरवलं तेव्हा मी मुद्दाम तिच्याबरोबर दुकानात गेले. नोकरी तिची, पैसे तिचे, पण कोणी गोड बोललं की ती भुलते. मी भुलत नाही.

तिला पॉडकास्ट करायचा होता. म्हणजे कोणाला तरी बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि फोनवर सगळ्यांना ऐकू द्यायचं. पहिली मुलाखत आगाशीच्या माझ्या थोरल्या जावेची. आमच्या घरात सुकेळी करणारी ती एकटी उरली आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, एवढं कोणीही सांगेल. पण हिची मऊ, मधासारखी होतात आणि दुसऱ्यांची चामड्यासारखी. ते कसं, हे तिने कोणाला सांगितलेलं नाही. मागे एक पाहुणा येऊन व्हिडिओ काढून गेला आणि पुढे स्वतःच पाकिटं विकू लागला. पाकिटावर हिच्याच अंगणाचा फोटो. तेव्हापासून ती कोणाला ओटीच्या पुढे येऊ देत नाही. मी शब्द टाकला म्हणून नातीला हो म्हणाली. यात काही वावगं झालं असतं तर ते दार मलाही बंद झालं असतं, आणि सासरच्या माणसांत माझ्याशी सरळ बोलणारी आता तीच एक आहे.

दुकान माणिकपूरला. दुकानदाराने आधी दोन शिंगांचा मोठा रेकॉर्डर पुढे केला. नातीने किंमत विचारली आणि तो परत ठेवायला सांगितला. मग त्याने बोटाच्या पेराएवढा काळा माइक काढला.

"आजी, हा वायरलेस. कपड्याला चिमट्याने लावायचा. माणूस आतल्या खोलीत गेला तरी आवाज इकडे येणार."

"आणि आवाज येतोय हे त्या माणसाला कळतं का?"

"आजी, तुम्ही पोलिसात होता का?"

कोपऱ्यात तारेचा माइक टांगला होता, सगळ्यात स्वस्त. मी बोट दाखवलं. "तो आता कोण घेतो," म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. स्वस्त वस्तूची दुकानदार निंदा करतो तेव्हा मी ती वस्तू नीट बघून ठेवते.

नातीला मात्र बिनतारीच हवा होता. मी म्हटलं, दुकानाच्या आत सगळंच छान ऐकू येतं, तो रिक्षा स्टँडवर लावून दाखव. तो कुरकुरत बाहेर आला. हेडफोन मी घातले. रिक्षावाल्यांच्या आरडाओरड्यातही नातीचा आवाज स्वच्छ येत होता. खोट काढायला जागा नव्हती, तरी खोक्यावरची टेप मला दोनदा लावल्यासारखी वाटली. आवडला नाही तर बदलून देईन, हे मी त्याच्याकडून इतर गिऱ्हाइकांसमोर वदवून घेतलं, मगच नातीला पैसे देऊ दिले.

आगाशीला गेलो. जाऊ मूळची मिठागराकडची, बोलणं अजून तिकडचंच.

"हा काला ढेकून चावनार तर नाय?" नात तिच्या खांद्यापाशी माइक लावत होती. "तार कुठाय याची?"

"मोठी आजी, तार नसते याला."

"मंग आवाज जातो कसा?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जातो, वहिनी." मला तरी कुठे माहीत होतं!

थोडं बोलणं झालं आणि ती चहा टाकायला उठली. कामाला लागताना पदर ओढून कमरेला खोचायची आमच्याकडची सवय. माइक पदराखाली गेला आणि ती विसरली. नात वाडीत केळीचे फोटो काढायला गेली. हेडफोन माझ्या कानावर होते.

आधी भांडी वाजली. मग ती सुनेला म्हणाली, "रात्री केली कशात गुंडालता ते इचारील पोरगी. मी सांगनार, प्लास्टिकच्या डब्यात भरा. बसू दे सगल्यांना बुरशी काढत." दोघी हसल्या. मग म्हणाली, "आनि म्हातारीच्या चहात साखर कमी टाक. सांगत नाय, पन हिला डायबेटीस हाय."

म्हातारी म्हणजे मी. हेडफोन काढता आले असते. मी काढले नाहीत.

खोटं सांगणार याचा मला राग आला नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण ते खोटं तिच्याच आवाजात घरोघरी जाणार होतं. लोकांची केळी नासली असती आणि शिव्या तिला पडल्या असत्या.

ती कप घेऊन आली. मी म्हटलं, "वहिनी, प्लास्टिकच्या डब्याचं नका सांगू."

तिने कप खाली ठेवला. पदर बाजूला केला आणि गोचीड उपटावी तसा माइक उपटला.

"ऐकलंस तू."

"ऐकलं."

"सगलं?"

"साखरेचं पण."

तेवढ्यात नात आली. तिला सांगितलं तर तिचं तोंड उतरलं. तिने तिथल्या तिथे ते रेकॉर्डिंग पुसलं. जावेचा विश्वास बसेना. स्वतः हेडफोन घालून बसली, आत काही उरलं नाही याची खात्री करून मगच उठली.

"ही वस्तूच लबाड," ती म्हणाली. "तारेचा घेऊन ये. तार कुठं जाते ते मी बगीन, मंग बोलेन."

आम्ही परत माणिकपूरला. महाग देऊन स्वस्त मागतोय म्हटल्यावर दुकानदाराला आमचाच संशय आला. दिव्याखाली धरून त्याने माइक उलटासुलटा तपासला, आम्ही फोडला की काय म्हणून. मला ते आवडलं. उरलेल्या पैशात एक छोटा रेकॉर्डर आला, चालू असला की लाल दिवा लागणारा.

दुसऱ्या खेपेला तार जावेच्या खांद्यावरून तिच्याच मांडीवरच्या रेकॉर्डरपर्यंत होती. अंगठा बटणावर, नजर लाल दिव्यावर. ती खूप बोलली. नातीने विचारलं, "रात्री कशात गुंडाळता?"

"ते नाय सांगनार."

मग रेकॉर्डिंगवर नुसते कावळे. नातीने ते तसंच ठेवलं.

चहाला उठताना जावेने चिमटा स्वतः सोडला आणि माइक रेकॉर्डरसकट माझ्या हातात दिला.

"धर. आता ऐक."

मी हेडफोन लावून बसले. माझ्याच बांगड्या वाजत होत्या. चहा आला, साखर कमीच होती.