भरताची वांगी आणि मी

सासुरवाडीला शेतात भरताचा बेत होता. थंडी कडाक्याची, त्यात बोचरा वारा. सासऱ्यांनी कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी टाकली. जावई म्हणून मला मानाची एकुलती एक खुर्ची मिळाली आणि सगळा धूरही. खुर्ची हलवली की वारा फिरायचा.

डोळे पुसत मी वांग्यांकडे बघत होतो. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. माझंही तेच चाललं होतं. तोंड भाजत होतं आणि पाठ गारठली होती. वाटलं, माणूस जन्मभर असा एकाच अंगाने शिजतो, वेळेवर उलटवणारं कुणी भेटत नाही.

सासऱ्यांनी काठीने एकेक वांगं उलटवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, आता पाठ करा जाळाकडे."

मी निमूटपणे वळलो. वांग्यांनीसुद्धा इतकं ऐकलं नव्हतं.