पाट्यावरची चटणी

त्या सकाळी कळव्याच्या घरी मी पाणी भरलं, चूल पेटवली आणि चंपासाठी वेगळा भात लावला. छप्पन साल असेल. माझ्या लेकीला मासळी, शेंगदाणे, तीळ काहीच सोसत नसे.

सासूबाई म्हणाल्या, "नुसता भात काय गिळेल गं पोर? कोथिंबिरीची चटणी देते."

पाट्यावर आदल्या दिवशी सुकट वाटली होती. पाटा धुतला होता, पण खाचांत वास होता. चंपाचा घसा सुजला. संध्याकाळी ती गेली. आता हे आठवणारी मी एकटीच उरले.

आज ग्रुपवर एका आईने अशाच मुलासाठी पाककृती विचारल्या. बाई, मिक्सरचं भांडं वेगळं ठेवलंय ना?

चंपा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई जेवेनात. मी पाटा पालथा घातला आणि शेजारणीने आणलेला भात त्यांना भरवला.