हनुवटीखालचा फोटो

लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाला नवऱ्याने मला एक पाकीट दिलं. लांबट, पांढरं, वर लाल रिबन चिकटवलेली. मला वाटलं माथेरानचं बुकिंग असेल, बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं होतं. आत जिमची पावती निघाली. तीन महिने, लेडीज बॅच, दुपारी बारा ते चार. मी खूश होईन म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने पावती वाचली आणि विचारलं, "आई, तू बारीक होणार?"

मी "हो" म्हटलं आणि श्रीखंड वाढायला घेतलं.

ही पावती कुठून आली ते मला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी भाईंदरला नवऱ्याच्या चुलत भावाचं लग्न होतं. जेवणाच्या रांगेत त्याच्या आत्याने माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कितवा गं?" मी काय बोलावं ते शोधत होते, तेवढ्यात मागून नवरा म्हणाला, "तसलं काही नाही हो आत्या. ते सगळं जेवणाचं आहे." रांगेतली माणसं हसली. मीही हसले. त्यांचं हसणं मी केव्हाच विसरले, माझं मात्र अजून विसरता येत नाही.

ही २००६ सालची गोष्ट. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये वन बीएचके घेतला होता. नवरा फोर्टला एका कंपनीत होता. मी संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी घालून पाचवी ते सातवीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. दुपार मोकळी असायची, म्हणून लेडीज बॅच.

जिम मेन रोडवर पहिल्या मजल्यावर होती. एका भिंतीला खालपासून वरपर्यंत आरसे आणि रस्त्याच्या बाजूला सबंध काच. काचेला लागून ट्रेडमिल ओळीने मांडलेल्या. खाली रिक्षा स्टँड. रिक्षावाले पॅसेंजरची वाट बघत मान वर करून बसलेले असायचे. ट्रेडमिल काचेशी का ठेवल्या होत्या हे पहिल्याच दिवशी कळलं. आम्ही म्हणजे दुकानाच्या शोकेसमधला माल होतो.

मी खांबाआडची ट्रेडमिल धरली. अंगात सैल पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनने टाचलेली. नया नगरच्या चार-पाच बायका यायच्या. त्या आल्या की बुरखे काढून खुंटीला लटकवायच्या आणि टीशर्ट-ट्रॅक पँटमध्ये मोकळ्या हसत व्यायाम करायच्या. काचेकडे पाठ करून, आपसात गप्पा मारत. मी स्वतःला त्यांच्यापेक्षा पुढारलेली समजत आले होते. आणि मीच पोट आत ओढून, आरशाकडे न बघता, दोन पावलं चालून घड्याळ बघत होते.

तिथली ट्रेनर पंचविशीतली मुलगी होती. खाडीकडच्या जुन्या कोळीवाड्यातली, कबड्डी खेळलेली. पहिल्या दिवशी तिने माझं वजन केलं, कंबर-दंड मापले आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढले. एक समोरून, एक बाजूने.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"रेकॉर्डला हाय ताई. तीन म्हयन्यांनी तुमालाच दाखवीन, बघा कशा झाल्या ते."

तिने पुढे केलेल्या फॉर्मवर मी न वाचता सही केली.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती माझ्या ट्रेडमिलजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुमी पोट आत धरून चालता. मग श्वास कुठनं घेनार? सोडा पोट. इथं कोन बघत न्हाय तुमाला."

मी पोट सोडलं. वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण मुलगी झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, घराबाहेर पडले की मी पोट धरूनच वावरत होते. ते सोडल्यावर बरगड्यांत कळ आली आणि डोळ्यांत पाणी. ट्रेनरने ते पाहिलं आणि ती मशीनचा वेग थोडा वाढवून गेली.

दीड महिन्याने मी न थांबता बारा मिनिटं पळाले. वजन फारसं उतरलं नव्हतं. पण त्या दिवशी घरी येऊन मी दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली, आणि भूक लागल्याची मला लाज वाटली नाही. नंतर मी खांबाआडची जागाही सोडली. ओढणी बॅगेतच राहू लागली. माझ्या आयुष्यातला तो एक तास असा होता, ज्यात मी कोणाची आई, बायको, टीचर नव्हते. नवऱ्याने दिलेली पावती मी त्याला माफ करून टाकली होती.

मग ऑगस्टमध्ये एका दुपारी मुलगी शाळेच्या बसमधून उतरून घरी आली आणि बूटही न काढता सोफ्यावर बसली. जेवायला वाढलं तर हात लावेना.

"आई, तुझा चिकू कलरचा ड्रेस कुठे आहे?"

"कपाटात. का गं?"

"तो फाडून टाक."

मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "सिग्नलला तुझा फोटो लागलाय. मोठ्ठा. माझी फ्रेंड म्हणाली, ही तुझी मम्मी ना, हाच ड्रेस तिने तुझ्या बर्थडेला घातलेला. मी म्हटलं, नाही."

मी तशीच घरातल्या स्लिपरवर निघाले. सिग्नलजवळ दोन खांबांच्या मधोमध जिमचा नवा फ्लेक्स लागला होता. डावीकडे मी, बाजूने काढलेली. चेहरा हनुवटीच्या वर कापलेला. पुढे आलेलं पोट, ब्राच्या पट्ट्याने पाठीवर पडलेल्या वळ्या, चिकू रंगाचा ड्रेस, मंगळसूत्र. डाव्या हातावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग. उजवीकडे एक गोरी परदेशी बाई, सपाट पोटाची, पांढरे दात दाखवत हसणारी. माझ्या खाली लिहिलं होतं 'पहले', तिच्या खाली 'बाद में'. तिला चेहरा ठेवला होता.

खाली एक भेळवाला उभा होता. तो मला म्हणाला, "क्या दूँ भाभी?" मी काही नको म्हणून परत फिरले. तेवढ्या रस्त्यात मला कळलं की मी पुन्हा पोट आत ओढून चालतेय.

संध्याकाळच्या शिकवणीला मी सगळ्या मुलांना सुट्टी दिली. नवरा आठला आला. त्याचा शर्ट हँगरला लागायच्या आत मी सांगितलं. तो बेसिनवर तोंड धूत राहिला. मग म्हणाला, "हो, बघितलंय मी."

"कधी?"

"झाले की सहा-सात दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? चेहरा कुठे दिसतोय? कोणाला कळणार आहे? उगाच तू डोक्यात घेतलं असतंस."

"तुला कसं कळलं मग?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. मग हळूच म्हणाला, "मी हल्ली पलीकडच्या बाजूने येतो. मेडिकलच्या गल्लीतून."

म्हणजे त्याने पाहिलं, ओळखलं आणि रस्ता बदलला. मला दुसऱ्या कशाचं एवढं लागलं नाही. तो जिममध्ये जाऊन भांडला असता, निदान हसला असता, तरी चाललं असतं. मी तिथे टांगलेली होते आणि तो वळसा घालून घरी येऊन माझ्या हातचं जेवत होता, सात दिवस.

दुसऱ्या दिवशी मी जिममध्ये गेले. मालक काउंटरवर होता. मी त्याला फ्लेक्स काढायला सांगितला. त्याने ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढला आणि बोट ठेवून दाखवलं. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, फोटो जाहिरातीसाठी वापरता येतील. खाली माझी सही.

"मैडम, फेस तो काट दिया ना? फिर क्या प्रॉब्लम है? आप नहीं बोलोगे तो किसको पता चलेगा?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तो नम्रपणे, पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवून बोलत होता आणि माझ्या तोंडून एकही वाक्य निघेना. तेवढ्यात आतून ट्रेनर आली. तिचा चेहरा पडलेला होता.

"ताई, आयशप्पथ, मला म्हाईत न्हवतं. फोटो मी त्यांच्या कॉम्प्युटरात टाकते फक्त."

"मग त्यांना सांग ना आत्ता, माझ्यासमोर, की चुकलं म्हणून."

तिने मालकाकडे बघितलं, मग जमिनीकडे. "माझी नोकरी हाय ताई."

आणि जे मला मालकाला बोलता आलं नाही ते सगळं मी तिला बोलले. पाच-सहा बायकांसमोर, त्या आरशांसमोर. शेवटी म्हणाले, "तुमच्यासारख्यांना अब्रू म्हणजे काय ते कुठून कळणार?" 'तुमच्यासारख्या' म्हणजे कोणासारख्या, ते मला माहीत होतं आणि तिलाही. नया नगरची एक बाई वजनं खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. ती ट्रेनरसाठी थांबली होती, माझ्यासाठी नाही. मी दाराशी काढलेले माझे बूट उचलले आणि अनवाणीच जिना उतरले.

पावतीचा सव्वा महिना अजून बाकी होता. मी परत गेले नाही.

फ्लेक्स काही कोणी काढला नाही. गणपतीच्या आठवडाभर आधी त्याच्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागला, तेव्हा तो झाकला गेला. आमच्या मुलीने घरी येऊन सांगितलं, "गेला." इतकंच. चिकू रंगाचा ड्रेस मी बोहारणीला दिला. तिने तो उलगडून बघितला आणि म्हणाली, कापड चांगलं हाय.

नवरात्र संपल्यावर ट्रेनर मला भाईंदरच्या मासळीबाजारात दिसली. तिची आई टोपली घेऊन बसली होती आणि ती बाजूला उभी राहून पापलेटं निवडून देत होती. मी माफी मागायचं ठरवूनच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने मला ओळखलं. आईला म्हणाली, "या माझ्या ताई, जिमच्या. जरा बरी दे यांना." तिने काहीच मनात ठेवलेलं नव्हतं, किंवा ठेवून आवरलं होतं. माफीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं, पण आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. मी पापलेटं घेतली, "येते हं" म्हटलं आणि निघाले. तेव्हा मला दिसलं की चार माणसांसमोर तिचा पाणउतारा करायला मला काही अडचण आली नव्हती.

सहामाहीचा निकाल दिवाळीच्या सुट्टीआधी लागायचा. शाळेत ओपन डे असायचा, पालकांना पेपर दाखवायचे. पहिलीपासून मीच जायचे. आदल्या दिवशी मी कोणती साडी नेसायची म्हणून कपाट उघडलं, तर मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"आई, उद्या बाबांना पाठवशील?"

"का गं?"

"असंच. सगळ्यांचे पप्पाच येतात."

सगळ्यांचे पप्पा येत नाहीत हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती कपाटाच्या मुठीशी खेळत होती. तिला रागवावं, जवळ घ्यावं, निदान विचारावं, यातलं काहीही मी करू शकले असते. मी म्हटलं, "बरं." आणि कपाट लावून टाकलं.

नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोघं हसत घरी आली, येताना आइस्क्रीम खाऊन. मुलीला गणितात पंचवीसपैकी चोवीस होते. उन्हाळ्यापासून रोज पहाटे मी तिच्याकडून अपूर्णांक करून घेतले होते.

"टीचर खूश होत्या एकदम," बूट काढता काढता नवरा म्हणाला. "मला म्हणाल्या, तुम्ही घरी छान लक्ष देता."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"थँक यू म्हटलं," तो म्हणाला. "अजून काय म्हणणार?"

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मी दोघांना जेवायला वाढलं.