व्हय म्हणजे हो नव्हे

शनिवारी दुपारी आमच्या कॉलेजात एम.टेक.ची मुलं संशोधनाच्या चर्चेला बसतात. माझा तिथं एकच नियम आहे. ज्याचं काम असेल त्यानं आधी गप्प बसायचं. त्याचं काम दुसऱ्यानं सांगायचं, जेवढं समजलं तेवढं. आपलं काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यातली भोकं आपोआप दिसतात, कुणाला टीका करावी लागत नाही. हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. आमच्याकडं बांधाचं भांडण मिटवताना जाणती माणसं असंच करायची. याची बाजू त्याला सांगायला लावायची.

त्या शनिवारी पाळी होती नागपूरच्या मुलीची, तिची मार्गदर्शक मीच. सॉफ्टवेअर बांधण्याआधी लोकांना त्यांची गरज विचारतात, तिथंच तिचा प्रश्न होता. नुसतं विचारलं तर माणूस जास्त मोकळं सांगतो, की मोबाइलच्या पडद्याची चित्रं कागदावर काढून समोर ठेवली तर? त्यासाठी तिनं पुण्याजवळच्या माण गावातले, म्हणजे माझ्या गावचे, घरमालक गाठले होते. आमच्या माणमध्ये आता भात कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त. नळ गळतो, लाईट गेली, अशा तक्रारी भाडेकरूंनी मोबाइलवरून मालकाला कळवायच्या, असं एक ॲप तिनं कागदावर काढलं होतं. बरीच घरं तिला मीच दाखवली. पहिलं घर माझ्या आईचं. खाली आई राहते आणि वरच्या चार खोल्यांत कंपनीतली मुलं.

पुढच्या शुक्रवारी तिचा शेवटचा आढावा होता. तो पार पडला की प्रबंध जमा, आणि महिनाअखेरीला बंगळुरात नोकरीवर हजर. ऑफरचं पत्र आलेलं होतं. तारीख हुकली तर कंपनी थांबेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिचं काम सांगायला मी एका नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उठवलं. तो कंपनीत रोज असल्याच बैठका घेतो, जीभ तिखट. तो म्हणाला, "मला समजलं ते असं. चित्र दाखवलं की माणची माणसं सगळ्यालाच हो म्हणतात. तक्रारीचं बटण? हो. फोटो पाठवायची सोय? हो. मॅडम, आमचे क्लायंट असे असते तर मी आत्तापर्यंत व्हाइस प्रेसिडेंट झालो असतो."

मुलं हसली. ती नागपूरची पोरगी वहीत बघत राहिली. मी तिला म्हटलं, एक मुलाखत लाव, आवाजच ऐकू. तिनं नेमकी आईची लावली. माझ्या ओळखीची म्हणून असेल.

पंखा बंद केला. आधी तिचा आवाज, शांत, एकेक पडदा समजावून सांगणारा. आणि मध्ये मध्ये आई: "व्हय." थोड्या वेळानं पुन्हा "व्हय… व्हय." शेवटी तिनं विचारलं, हे तुम्ही वापराल का? आई म्हणाली, "व्हय, बगू की."

समोर त्याच मुलाखतीचा छापील कागद होता. त्यावर लिहिलं होतं: होय. होय. होय. होय, बघूया.

त्या खोलीत मी एकटीच माणची. बाकी सगळे कागद वाचत होते, आई मला एकटीला ऐकू येत होती. आमच्याकडं समोरचा बोलत असताना "व्हय" म्हणतात तो हुंकार असतो. ऐकतेय, पुढं बोल, एवढाच त्याचा अर्थ. आणि "बगू की" म्हणजे जवळजवळ नाहीच. तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून बघू.

मी लगेच बोलले नाही. दोन-चार मिनिटं तशीच गेली, हे कबूल करायला हवं. कारण मुलाखती प्रमाण मराठीत उतरवून काढ, परीक्षक वाचणार आहेत, हे तिला मीच सांगितलं होतं. ती सगळी पानं मी तपासली होती आणि कोपऱ्यात 'स्वच्छ' असा शेराही मारला होता. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. अकरावीला पुण्यात गेले तेव्हा हजेरीला "व्हय" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी "हो" म्हणते. घरी आईशीसुद्धा. इतकी सवय झाली की माझ्याच आईचं बोलणं पुसून मी त्याला स्वच्छ म्हणाले.

मग सांगितलं. हे होकार नाहीत. यातले बरेचसे नाहीत.

ती म्हणाली, "मॅडम, मग माझ्याकडे उरलं काय?" मग वही मिटून, "तसं लिहायला तुम्हीच सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं. चुकलं माझं."

रविवारी तिला घेऊन घरी गेले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सरळ विचारलं, त्या दिवशी तुला यातलं पटलं काय? आईनं आधी मला नजरेनंच गप्प केलं, पोरीच्या देखत काय विचारतेस म्हणून. पोरीनंच गळ घातली तेव्हा बोलली.

"तू एवढ्या उन्हाची आल्तीस, कागुद काढून काढून दावत हुतीस. तुला मधीच न्हाई म्हनू व्हय? चित्रं लई ग्वाड हायेत. पर नळ गळतोय म्हनून वरचा पोरगा खाली येतो, तवा मला कळतंय त्यो जेवलाय का न्हाई. फोनात कसं कळंल?"

"आणि आवडलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, आजी?" पोरीनं विचारलं.

"मग मी इचारलं आस्तं की. कवा देतीस, कोन शिकवनार, बिघाडलं तर कुनाला हाक मारायची. घ्यायचंच न्हाई त्याची चौकशी कोन करतं?"

पोरगी तिथंच ओट्यावर बसून लिहायला लागली. त्या आठवड्यात तिनं सगळ्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. माणसानं उलटा प्रश्न विचारला असेल तिथंच होकार धरायचा, असं ठरवलं. होकार मूठभर राहिले. पण एक गोष्ट वर आली. चित्र समोर ठेवल्यावर लोक प्रश्न कमी विचारत होते. नुसत्या बोलण्यात जास्त. चित्र दाखवलं की माणूस मोकळा होतो, या तिच्या आधीच्या निष्कर्षाच्या बरोबर उलट. चित्र बघून माणसाला वाटत असावं, हे तर ठरवूनच आलेत, आता आपण काय बोलायचं.

शुक्रवारी तिनं हे सगळं समितीपुढं मांडलं, चुकीसकट. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मूळ बोली बदलायचा निर्णय कुणाचा? मार्गदर्शकानं अशा वेळी बोलायची पद्धत नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं, माझा. समितीतल्या एका सहकाऱ्यांनी मान खाली घातली. माझ्यासाठी त्यांनाच लाज वाटली असावी. परीक्षक म्हणाले, प्रश्न आता पहिल्यापेक्षा चांगला आहे, पण एवढ्याशा पुराव्यावर मी सही करणार नाही. मुलाखती पुन्हा घ्या, बोललं तसं उतरवा, दोन महिन्यांनी या.

म्हणजे तारीख हुकली. तिनं कंपनीला मेल लिहिली. उत्तर अजून यायचं होतं.

बाहेर जिन्यात तिनं फोन माझ्यापुढं धरला. "मॅडम, बाबांना तुम्हीच सांगा. मला नाही जमणार." वडील शिंपी. माझ्यासारखी तीही घरातली कॉलेज शिकणारी पहिलीच. मशीनचा आवाज येत होता, माझं नाव ऐकल्यावर तो थांबला. मी जे झालं ते सांगितलं. मध्ये ते काहीच बोलले नाहीत, हुंकारही नाही. ऐकताहेत की फोन कट झाला, मला कळेना.

मग त्यांनी विचारलं, "पोरीनं काही खोटं केलं का?"

"नाही. चूक माझ्या सांगण्यानं झाली. तिनं ती लपवली नाही."

"मग होऊ द्या न मॅडम दोन महिने," ते म्हणाले. "उसवून शिवलेलं दिसतच नाही, नीट शिवलं तर. तिला द्या फोन."

मी फोन तिच्या हातात दिला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहिले.