विहीणबाईंच्या ओटीतले गहू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिदीफिदी केलं तर मी कप खाली ठेवून उठून जाईन, सांगून ठेवते. फजिती दुसऱ्या कुणाची नव्हे, माझीच आहे, आणि ती सांगायचा हक्क या निपाणीत फक्त मला!

चौथीत माझी शाळा सुटली. पुढचं सगळं वाचन विड्या वळता वळता झालं. पुडीचा कागद हातात आला की आधी वाचायचा, मग टाकायचा. कन्नड शिकले बसच्या पाट्यांवरून. त्यामुळं मला कुणी काही समजावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. निम्मं ऐकते, निम्मं मला ठाऊकच असतं!

तर माझा नातू संदीप. आईबाप बेळगावात, हा माझ्याजवळ. त्याची बायको रूथ, ठाण्याची. बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोक. पण मराठी तुमच्या-आमच्यापेक्षा शुद्ध. यंदा तिला आठवा महिना लागला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि नेमका तिचा पेसाहचा सण आला. पहिल्या रात्री सेदेर करतात. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून त्यांचे पूर्वज कसे सुटले, ती गोष्ट वाचत वाचत जेवायचं. हे जेवण तिनं आजवर आईबाबांच्या पंगतीतच घेतलेलं.

"आई-बाबा येतायत," ती म्हणाली, "पण ते कोल्हापूरला खोली घेऊन तिथंच सेदेर करतील. घरातून खमीर, म्हणजे पाव-बिस्किटासारखं गव्हाचं फुगवलेलं सगळं, काढायचं फार कडक असतं हो आज्जी. तुम्हाला कशाला त्रास?"

खोली घेऊन? माझं चांगलं घर असताना व्याही लॉजवर? आणि ही पोटुशी पोर सणादिवशी आईबापाविना हितं डोळं पुसत बसणार? मी जिती असताना?

तिच्या हातातला फोन घेतला आणि तिच्या आईला सांगितलं, "विहीणबाई, सरळ हितं या. माझ्या घरात गव्हाचा एक कण घावला, तर दुसऱ्या गाडीनं परत जावा!"

झालं. जीभ माझी, पण पाळी सगळ्या घरावर आली.

रूथ मला नियम सांगायला बसली. "आज्जी, गहू, जव असल्या धान्याला पाणी लागून ते..."

"कळलं!" मी उठलेच. गहू म्हटल्यावर पुढं काय ऐकायचं?

गव्हाचं पोतं धाकट्या बहिणीकडं सदलग्याला रवाना झालं. रवा गेला, मैदा गेला, शेवया गेल्या. टोस्ट, खारी, बिस्किटं गल्लीतल्या पोरांना वाटली. पोरांनी म्हातारीला आशीर्वाद दिले. भिंग घेऊन हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. त्यात गव्हाचं पीठ! म्हटलं, बघा! सुशिक्षित पोरीला माहीत नव्हतं, विडीवालीला कळलं. हिंगाची डबी गल्लीपार.

कल्हईवाला हुडकून आणला. त्यांच्यात सणाआधी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, भिंतींना चुना देतात. ते तर आपण दिवाळीला करतोच की! पण मी भिंतींना असा चुना दिला की शेजारची शांताक्का म्हणाली, "आक्का, घरात लगीन हाय व्हय?"

आणि संदीप! बिचारा चौकातल्या गाड्यावर पाव खाऊन यायचा. मी दारातच उभी.

"मिशी झाड."

"आज्जी, अगं..."

"झाड म्हंते न्हवं! आन् गाडीची डिक्की उघड."

"डिक्कीत काय असणार?"

डिक्कीत क्रीमरोल होता. संदीप रस्त्यावर उभा राहून तो संपवून, चूळ भरून मगच आत आला. रूथ हसून हसून पोट धरायची. मी म्हणायची, "हसू नगंस गं, आतलं जागं हुईल!"

सणाचा दिवस उजाडला. घर आरशासारखं. ताटात कडू पाला, उकडलेलं अंडं, भाजलेलं हाड, खजुराचा पाक, मिठाचं पाणी, सगळं रूथनं मांडलं. काळ्या मनुकांचं सरबत मी केलं. कडू आणि गोड एकत्र बघून मला आपल्या पाडव्याचा लिंब-गूळ आठवला. म्हटलं, हे लोक काय परके न्हाईत.

ऊन उतरताना गाडी दारात थांबली. व्याही उतरले, विहीणबाई उतरल्या. साध्या, हसऱ्या, हातात एक मोठा डबा. रूथ आईच्या गळ्यात पडली आणि लहान पोरीगत रडली. मी त्यांना घरभर फिरवलं. फडताळं उघडली, डबे उपडे करून दाखवले. विहीणबाई थक्क.

"आज्जी, एवढी स्वच्छता आमच्याकडंसुद्धा होत नाही हो!"

आता सांगा, एवढं ऐकल्यावर बाई फुगंल का न्हाई? मी फुगले. आणि फुगलेल्या बाईनं काय केलं? विहीण पहिल्यांदा घरात आली म्हणून तिला पाटावर बसवलं. मी विधवा आहे, पण माझ्या घरात ओटी मीच भरते. बोलायची कुणाची छाती न्हाई. देवघरातला डबा काढला. खण ठेवला, नारळ ठेवला आणि ओंजळीनं तिच्या पदरात... व्हय, व्हय, गहू!

अहो, सगळं घर मी पालथं घातलं होतं, पण ओटीचे गहू मला कधी गहू वाटलेच न्हाईत! ती ओटी असते. कुंकवाला कधी कुणी रंगाची भुकटी म्हणतं का?

संदीप किंचाळला, "आज्जी! गहू!"

माझ्या डोळ्यांपुढं कोल्हापूरचं लॉज उभं राहिलं. पाहुणे ताटं बांधून चाललेत, पोर मागनं रडतीया! आता जन्मभर मला एकच माहीत: काही बिघडलं की पाणी मार. पाय धुवायला आणलेला तांब्या शेजारीच होता. उचलला आणि दिला विहीणबाईंच्या पदरावर ओतून!

"आज्जी, पाणी नको!" रूथ ओरडली. पण तांब्या तोवर रिकामा.

मग विहीणबाई म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, "अहो आज्जी, कोरड्या गव्हानं काही बिघडत नव्हतं. आमच्या सणाच्या रोट्यासुद्धा गव्हाच्याच असतात, फक्त कणीक फुगायच्या आत भाजलेल्या." आणि त्यांनी डबा उघडून दाखवला. "गव्हाला पाणी लागून तो फुगायला लागला, की तो चालत नाही. आता मात्र हा लगेच बाहेर गेला पाहिजे."

म्हणजे तांब्या ओतला तोवर घरात खमीर नव्हतं. ते मी माझ्या हातानं तयार केलं!

मग जी पळापळ झाली! मी गहू विहीणबाईंच्या पदरातून माझ्या पदरात ओढले, थोडे घरभर सांडले, आणि बाहेर पळाले. व्याही काठीनं कपाटाखालचे दाणे काढतायत, संदीप झाडतोय, रूथ वाकता येत न्हाई म्हणून बोटानं दाखवतीया, "तिकडं एक! पाटाखाली दोन!" विहीणबाई आत जाऊन कोरडी साडी नेसून आल्या.

मी दारातल्या कट्ट्यावर ओला पदर गोळा करून बसले. शांताक्का नेमकी तेव्हाच आली. ती कधी येत न्हाई?

"काय गं आक्का, सणासुदीचं दारात? नातसुनेनं बाहेर काढलं व्हय?"

"शांते, पदर पसर."

"आँ?"

"पसर म्हंते न्हवं! तुझी ओटी भरती."

"आक्का, हे गहू ओलं का गं?"

"मोड आणून खा जा, रक्त वाढतंय!"

गहू शांताक्काच्या घरी गेले आणि मी कमरेवर हात ठेवून आत निघाले. रूथनं दारातच अडवलं.

"आज्जी, साडी. निऱ्यांत दाणे अडकलेत."

ऐकलंत? ज्या घरात माझ्याशिवाय पान हलत न्हाई, त्या घराच्या दारात मी उभी, आणि आत जायला परवानगी न्हाई! शेवटी न्हाणीत मागल्या दारानं गेले. विहीणबाईंनी स्वतःची मोरपंखी साडी दिली, जरीची. मी जन्मात अंगाला न लावलेला रंग!

सगळे ताटांभोवती बसले. रीत अशी की सगळ्यांत लहान असेल त्यानं विचारायचं. रूथ लहान. तिनं पोथी उघडून गंभीर आवाजात विचारलं, "आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मोरपंखी साडीकडं. आणि फुटलं की हसू!

"हसताय काय?" मी डाफरले. "आधी त्या मिसरमधनं बाहेर पडा, मग माझ्यावर हसा!"

डोळे पुसत विहीणबाई म्हणाल्या, "ते पडले हो आज्जी बाहेर. घाईत निघाले, पण निदान त्यांनी कणीक फुगू दिली नाही. तुम्ही गहू भिजवून निघालात!"