डाव्या खिशातला खडा

रोज सकाळी लिबियातल्या लेप्टिसच्या प्राचीन रथमैदानाचं फाटक उघडण्याआधी तिथले रखवालदार, माझे बाबा, समुद्रकाठचे गुळगुळीत खडे सदऱ्याच्या उजव्या खिशात भरत. माणूस आत गेला की एक खडा डाव्या खिशात. बाहेर आला की परत उजव्यात. डावा खिसा रिकामा झाल्याशिवाय मिफ्ताह रखवालदार फाटक लावत नाही, हे आमच्या सगळ्या खुम्स गावाला ठाऊक होतं. घरच्यांसाठी मात्र ते खडा हलवत नसत.

त्या दुपारी मिस्रात्याच्या शाळेची सहल आली होती. शाळा सुटल्यावर मी बाबांचा डबा घेऊन पोचले आणि गिबली, वाळवंटातला तो तापलेला वारा, सुटला. वाळूत समुद्र दिसेनासा झाला, मग पूर्वी रथ ज्याला वळसा घालायचे तो मधला कठडाही. सहलीबरोबरच्या नजमियाबाई मुलींना ओढून बसमध्ये चढवत होत्या. बाबांनी मलाही आत ढकललं.

"वनीस, हिला खुम्सच्या नाक्यावर उतरव."

मी मागच्या बाकावर बसले. सगळ्यांसारखाच निळा गणवेश, तोंडाला रुमाल.

ड्रायव्हर वनीसने डोकी मोजली. "तेवीस! बाई, निघू?"

"निघा. रस्ता बुजतोय."

बाबा डाव्या खिशातला उरलेला एक खडा हातात धरून दारात आडवे उभे राहिले. "एक आत राहिलीय."

"अहो काका, तेवीस आणल्या, तेवीस बसल्या. तुमच्या खड्याला पिल्लू झालं असेल!"

मुली हसल्या. बाबा हलले नाहीत. वनीसने गाडी चालू केली. मी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"बाबा, त्यांनी मलाही मोजलंय."

बाईंनी नावं घ्यायला सुरुवात केली. त्यांचा आवाज चिरकत गेला. "सुंदुस? सुंदुस!"

कुणीच ओ दिली नाही.

"बाई, तुम्ही पोरींपाशी थांबा," म्हणत बाबांनी तो खडा माझ्या मुठीत दिला आणि ते वाळूत शिरले.

किती वेळ गेला कोण जाणे. वनीसने गाडी बंद केली होती. तोच आता सारखा काच पुसत होता.

शेजारच्या रिंगणाकडे जाणाऱ्या भुयारात सुंदुस वाऱ्याला भिऊन लपली होती. भुयाराच्या तोंडाशी वाळू साचत गेली. बाबा आले तेव्हा त्यांची नखं रक्ताळली होती, आणि खांद्यावर सुंदुस खोकत होती. त्यांनी माझी मूठ उघडली, खडा उजव्या खिशात टाकला.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. त्या सकाळी अंगातला सदरा माझ्याकडे देत म्हणाले, "धुवायला टाकण्याआधी डावा खिसा बघ गं."